दूध-पोळीवरचं मांजर

२०२४ सरताना आणि २०२५ उजाडताना पांढुर्णा जिल्ह्यातल्या आपल्या सौंसरच्या दोन्ही अंगांना एकाच रोगाने मांजरकुळाला गाठलं. दक्षिणेला नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. उत्तरेला छिंदवाड्यात, म्हणजे २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा होईपर्यंत जो आपलाच जिल्हा होता तिथे, घरात पाळलेल्या मांजरांमध्ये तोच एच५एन१ विषाणू निघाला. भारतात पाळीव मांजरांत तो सापडल्याची ही पहिली नोंद. नमुने तपासले गेले भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत, आणि संशयाचं बोट गेलं ते कच्च्या कोंबडीकडे. छिंदवाड्यात चिकनची दुकानं काही काळ बंद ठेवावी लागली.

अशी बातमी आली की घाबरलेलं घर एकच गोष्ट करतं. मांजराच्या वाटीतलं मांस बंद होतं आणि तिथे दूध-पोळी येते. कच्च्या मांसाची भीती रास्तच आहे, पण दूध-पोळी हा तिच्यावरचा उतारा नव्हे. पोट बिघडलेली, तोंडाला घाण वास येणारी, पाठीचा कणा हाताला लागणारी जी मांजरं आपल्या गावांत दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची कहाणी या वाटीपासून सुरू होते. म्हणून औषधांच्या आधी वाटीबद्दल बोलू.

मांजर हा वाघाच्याच जातकुळीतला प्राणी. कुत्रं माणसाच्या संगतीत भाकर-भात पचवायला शिकलं, मांजर शिकलं नाही. आईचं दूध सुटलं की त्याच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारा रस आटत जातो. मग बशीभर दूध आवडीने पितं आणि दोन-चार तासांनी पातळ हागतं. काही मांजरांना थोडं दूध सोसतं, हे खरं. पण ‘आमच्या मनीला दूध फार आवडतं’ हा ते सोसत असल्याचा पुरावा नाही. कोठ्यात धार काढताना मांजरासमोर कच्चं दूध ओतायची पद्धत तर बंदच करावी. २०२४ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या गोठ्यांतली मांजरं बाधित गायींचं कच्चं दूध पिऊन याच बर्ड फ्लूने मेली होती.

पोळीचं दुखणं वेगळं. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांसातून आणि मासळीतूनच मिळतं, मांजराच्या शरीराला ते पुरेसं तयार करता येत नाही. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. हृदयाचा स्नायू ढिला पडून हृदय फुगतं, हे १९८७ मध्ये. तेव्हापासून कंपन्या मांजरांच्या खाद्यात टॉरिन जास्त घालू लागल्या. आपल्या वरण-भातात ते नाही, आणि कुत्र्यांच्या खाद्यातही मांजराला पुरेल इतकं असेलच असं नाही. जाता जाता, मांजराला गोड चव लागतच नाही, तिची जाणीव करून देणारा जनुकच त्याच्यात निकामी आहे. तेव्हा पोळ्याच्या दिवशी ते पुरणपोळीवर तुटून पडलं, तर ते तुपासाठी.

मग द्यायचं काय? ज्या घरात मांसाहार चालतो तिथे सोपं आहे. बिनहाडाचं चिकन, मीठ-मसाला न घालता, आत कुठे गुलाबी राहणार नाही इतकं शिजवायचं. पाणी फेकू नका, कोमट करून त्याच्याच तुकड्यांवर ओता. उकडलेलं अंडं, काटे काढलेली उकडलेली मासळी अधूनमधून. कलेजी आठवड्यातून एखादा लहान तुकडा, रोज नको. तिच्यातलं जीवनसत्त्व अ साठत जातं आणि हाडं आखडतात. शिजवलेलं हाड मात्र कधीच नाही, ते सुळ्यासारखं फुटतं. सावजी रश्शातला तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही, कारण कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि तो रस तुकड्यात मुरलेला असतो.

नुसतं चिकनही पुरत नाही. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, आणि नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं इतकी नाजूक होतात की उडी मारताना पाय मोडतो. म्हणून रोजच्या खाण्याचा मुख्य भाग ‘मांजरांसाठी संपूर्ण आहार’ असं लिहिलेल्या तयार खाद्याचा असावा आणि चिकन त्याच्या जोडीला.

आणि ज्या घरात अंडंही शिजत नाही त्यांचं काय? आपल्याकडे माळकरी घरं आहेत, जैन घरं आहेत, आणि त्या घरांतही मांजरं आहेत. माझं मत स्पष्ट आहे: मांजर शाकाहारी करता येत नाही. घराचा नियम मांजरावर लादायचा तर मांजर पाळू नये. पण पाकिटातलं तयार खाद्य देणं यात चूल विटाळत नाही, आणि बहुतेक घरं हा मार्ग मान्य करतात. कोरडं खाद्य देताना मूठभर दाण्यांवर कोमट पाणी टाकून ते फुगू द्या. पावसाळ्यात मोठी पोती घेऊ नका, उघड्या पोत्याला बुरशी धरते. लहान पाकीट आणि घट्ट झाकणाचा डबा बरा. खाद्य बदलायचं असेल तर सात ते दहा दिवस घ्या, जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत. एका रात्रीत बदललं की दुसऱ्या दिवशी पातळ झालंच समजा, आणि दोष मग नव्या खाद्याला दिला जातो.

पाण्याबद्दल एवढंच. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्यांना पाणी मिळायचं ते शिकारीतून. उंदराच्या अंगात सत्तर टक्के पाणी असतं, कोरड्या दाण्यात दहा टक्क्यांच्या आसपास. तहान त्याला उशिरा लागते. आपल्या वैशाखात कोरड्या दाण्यांवरचं मांजर बद्धकोष्ठाने आणि लघवीच्या खड्याने अडतं ते यामुळे. घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांड्यांत पाणी ठेवा, खाण्याच्या वाटीपासून आणि मातीच्या ट्रेपासून दूर.

पोट बिघडल्यावर

आधी नीट पाहा. ओकारी आणि नुसतं तोंडातून परत येणं यात फरक आहे. पोट आत-बाहेर होत, गुरगुरत, दोन-तीन उबळी येऊन बाहेर पडलं तर ती ओकारी. खाल्ल्या खाल्ल्या मान खाली घालून न पचलेलं, नळीसारखं अन्न सहज बाहेर टाकलं, तर बहुधा ते घाईने खाल्लेलं असतं. घरात दोन मांजरं एका वाटीवर असली की हे नेहमी होतं. वाट्या वेगळ्या करा, चार-पाच वेळा थोडं थोडं द्या.

केसांचा गोळा क्वचित पडला तर काळजी नको. पण ‘मांजर आहे, ओकणारच’ ही समजूत मला मान्य नाही. आठवडा न चुकता ओकणारं मांजर आजारी आहे असंच धरावं. लांब केसांच्या पर्शियन मांजराला रोज विंचरलं तर बरेचसे गोळे टळतात. गवताचं पातं खाऊन ओकत असेल तर ते चालतं, फक्त ते गवत फवारलेल्या बगीच्यातलं नको.

पातळ होण्याचेही दोन प्रकार. थोडं थोडं, वारंवार, शेंबडासारखी आव आणि एखादा लाल थेंब असेल तर बिघाड शेवटच्या मोठ्या आतड्यात असतो. एकदाच पण भरपूर, पाण्यासारखं, आणि सोबत अंग उतरत असेल तर लहान आतड्यात. डॉक्टरांना एवढं सांगितलं तरी त्यांचं अर्धं काम हलकं होतं.

मोठं, धडधाकट मांजर, एक-दोनदा ओकलं किंवा हागलं, पण डोळे तेजदार आहेत, हाकेला येतं, पाणी पितं, तर घरी सांभाळायला हरकत नाही. चार-सहा तास अन्न नको, पाणी ठेवा. मग उकडलेल्या चिकनचे बारीक तंतू, दोन चमचे, दर तीन-चार तासांनी. दोन दिवस हेच, मग हळूहळू नेहमीचं. लाल भोपळा, आपल्याकडचं कोहळं, उकडून कुस्करून त्यात अर्धा चमचा मिसळला तर पातळ आणि घट्ट दोन्हींत उपयोगी पडतो. बद्धकोष्ठ असेल तर पाव चमचा इसबगोल ओल्या खाण्यात, भरपूर पाण्यासह; कोरडं इसबगोल देऊ नका, ते आतच गच्च होतं.

इथे एक आपली सवय आड येते. माणसाचं पोट बिघडलं की आपण लंघन करतो, आणि तेच मांजराला लावतो. मांजराला उपास मानवत नाही. विशेषतः अंगाने भरलेलं मांजर दोन-तीन दिवस खाल्लं नाही की त्याची चरबी यकृतात साठते, यकृत बसतं आणि मग डोळे, हिरड्या पिवळ्या पडतात. मूळ आजार साधा असतो, जीव जातो तो या उपासाने. चोवीस तास एक घासही घेतला नाही तर थांबायचं नाही. पिल्लांना तर काही तासही उपाशी ठेवू नये.

पिल्लाच्या हगवणीला घरगुती उपाय नाहीतच. ताप, ओकारी, हगवण आणि मान टाकून पाण्याच्या भांड्यापाशी बसून राहणं, ही मांजरांच्या पार्वो रोगाची खूण आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीत त्याला पॅनल्युकोपेनिया म्हणतात. लस न घेतलेलं पिल्लू त्यातून क्वचित वाचतं. लस सहा-आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांचं होईपर्यंत देतात. ज्या घरात या रोगाने पिल्लू गेलं तिथे विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. साध्या फिनाइलने तो जात नाही, ब्लीचिंगच्या द्रावणाने जागा धुवावी लागते. फिनाइलचा आणखी एक तोटा: त्यातले घटक मांजराचं यकृत पचवू शकत नाही, आणि पुसलेल्या फरशीवरून चालून ते पाय चाटतं. मांजराच्या घरात फरशी पुसली की ती कोरडी होईपर्यंत त्याला बाहेर ठेवा.

जंत हे सर्वांत साधं आणि सर्वांत जास्त टाळलेलं कारण. गोल जंत आईच्या दुधातूनच पिल्लात येतात, म्हणून तीन आठवड्यांच्या पिल्लापासून औषध सुरू होतं. दर पंधरा दिवसांनी, दूध सुटेपर्यंत. मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. मोठ्या, बाहेर फिरणाऱ्या मांजराला दर तीन महिन्यांनी. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या कण्यांसारखे दाणे दिसले तर ते पट्टकृमीचे तुकडे आहेत, आणि तो बहुधा पिसवांमधून येतो. नुसता जंत मारला आणि पिसवा ठेवल्या तर महिन्याभरात पुन्हा तेच. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा आधी मांजर पिशवीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर तोला.

आता ज्या लक्षणांना वाट पाहायची नाही ती. दिवसात तीन-चारहून जास्त ओकाऱ्या. ओकारीत किंवा विष्ठेत रक्त, किंवा काळी डांबरासारखी विष्ठा. पोट टणक फुगलेलं. हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या. तोंड उघडून धापा. आणि बोका ट्रेमध्ये बसून पुन्हा पुन्हा कुंथतो, काहीच येत नाही. बहुतेक घरं याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात. तो बहुधा लघवी तुंबल्याचा प्रकार असतो, आणि एक-दोन दिवसांत बोका मरू शकतो. त्या वेळी रात्र असो की पाऊस, निघायचं.

संक्रांतीचा मांजा, राखीचा दोरा, शिवणयंत्राखालचा धागा हेही लक्षात असू द्या. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, धागा एकदा तोंडात गेला की थुंकता येत नाही, तो आतच जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं आणि दुसरं आतड्यात उतरतं. धागा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका. ओढला की आतडं गोळा होऊन कापलं जातं. तसाच घेऊन डॉक्टरांकडे जा.

वास कुठून येतो

मांजराच्या तोंडाला थोडा मांसाचा वास असतोच. मांडीवर घेतल्यावर मान फिरवावी लागली, तर मात्र काहीतरी कुजतं आहे. बहुतेक वेळा ते तोंडातच असतं, पोटात नव्हे. ‘पोट साफ नाही म्हणून तोंडाला वास’ हे आपलं माणसांबद्दलचं गणित मांजराला लावून लोक जुलाबाचं औषध देतात, आणि आधीच दुखणाऱ्या तोंडाच्या मांजराला हगवणही लावून ठेवतात.

चार वर्षांवरच्या निम्म्याहून अधिक मांजरांना दातांचा काही ना काही आजार असतो. पाहायचं कसं? जबडा उघडू नका. मांजर सुस्तावलेलं असताना मागून हात नेऊन गालाचा ओठ बोटाने वर करा आणि वरची मागची मोठी दाढ पाहा, कीट तिथे आधी साठतं. दात पांढरा आणि हिरडी फिकी गुलाबी असेल तर ठीक. दाताच्या मुळाशी लाल रेघ दिसली तर हिरडी सुजायला लागली आहे. पिवळा-तपकिरी दगडासारखा थर असेल तर कीट बसलं, ते आता घासून निघणार नाही. दातावर गुलाबी मांसाचा ठिपका चढल्यासारखा दिसला तर दात आतून विरघळतो आहे; हा मांजरांचा खास आजार, आणि फार दुखरा.

दुखणं मांजर सांगत नाही. भूक लागून वाटीकडे धावतं, एक घास घेतं आणि चमकून मागे सरतं. मान तिरकी करून एकाच बाजूने खातं. दाणे तोंडातून सांडतात. अंग चाटणं सोडतं, म्हणून केस राठ आणि गुंतलेले दिसतात. ‘नखरे करतं, कोरडं खात नाही’ अशी तक्रार आली की मी आधी ओठ वर करून पाहायला सांगते.

वय पाहून अर्थ बदलतो. चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दुधाचे २६ दात पडून ३० पक्के दात येतात, त्या काळात थोडा वास आणि लालसर हिरड्या चालतात. एक-दोन वर्षांच्या तरुण मांजराच्या घशापर्यंत सगळं लाल, रक्ताळलेलं दिसत असेल, लाळ गळत असेल, तर तो हिरड्यांचा आणि तोंडाचा जुनाट दाह. सर्दीच्या कॅलिसी विषाणूशी त्याचा संबंध आढळतो. त्याला गोळ्यांनी तात्पुरता आराम पडतो. खरा उपाय बहुधा दाढा काढून टाकणं हाच निघतो. दहा वर्षांवरच्या मांजराच्या तोंडाला लघवीसारखा, अमोनियाचा वास येत असेल, ते भांडीभर पाणी पीत असेल आणि वजन उतरत असेल, तर दात नंतर, आधी मूत्रपिंडाची रक्ततपासणी. पिकल्या फळासारखा गोडसर वास आला तर मधुमेह चिघळल्याची शंका घ्यावी. म्हाताऱ्या मांजराच्या जिभेखाली एकाच बाजूला गाठ किंवा बरी न होणारी जखम असेल तर उशीर करू नका, ती कर्करोगाचीही असू शकते.

आणि एक वास शेतकरी घरांनी ओळखून ठेवावा. उंदीर मारायला ठेवतात ती काळसर भुकटी, झिंक फॉस्फाइड. ती पोटात गेली की आम्लाशी मिळून विषारी वायू सुटतो आणि तोंडाला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. मांजर ओकायला लागतं, झटके येतात. तो वायू माणसालाही बाधतो, तेव्हा दारं-खिडक्या उघडा, ओकारीवर तोंड नेऊन पाहू नका आणि भुकटीचं पाकीट सोबत घेऊन निघा. संत्र्याच्या बगीच्यात किंवा कपाशीत फवारणी झाल्यावर घरी आलेल्या मांजराच्या तोंडातून फेसाळ लाळ, थरथर आणि हगवण दिसली तर तीही विषबाधाच. अंगावर औषध असेल तर हातमोजे घालून कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा. मीठ-पाणी पाजून ओकायला लावू नका, त्याने नुकसान जास्त होतं.

दात घासण्याची सवय

कीट बसण्याआधी रोज घासणं हाच उपाय आहे, आणि तो वाटतो तितका अवघड नाही, फक्त घाई करायची नाही. पहिला आठवडा चिकनच्या पाण्यात बुडवलेलं बोट गालाच्या आत फिरवा, एवढंच. मग बोटाला गॉज गुंडाळा. मग लहान मुलांचा अगदी मऊ ब्रश किंवा बोटावर चढवायचा ब्रश. दातांची बाहेरची बाजूच घासायची, आतली जीभ सांभाळते. एका बाजूला दहा-पंधरा सेकंद पुरे. मांजरांची पेस्ट नागपूरच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळते. माणसांची पेस्ट नको, मांजर ती गिळतं. मीठ, कडुलिंबाची काडी, हळद हे राहू द्या. लवंगाचं तेल तर मुळीच नको. आपल्या दाढेला आराम देणारं ते तेल मांजराच्या यकृताला विष आहे. कोरडे दाणे चावून दात स्वच्छ होतात असं सांगितलं जातं, पण साधे दाणे मांजर बहुतेक गिळतंच.

तोंड आधीच लाल आणि दुखरं असेल तर ब्रश लावू नका. एकदा ब्रश म्हणजे दुखणं असं मांजराच्या मनात बसलं की ते पुन्हा जवळ येत नाही. आधी उपचार, मग सवय.

तोंडात हात घालायच्या आधी रेबीजची लस झाली आहे ना, ते आठवा. मांजरालाही रेबीज होतो आणि त्याच्या चाव्याने माणसाला. अचानक लाळ गाळणारं, गिळता न येणारं, वागणं बदललेलं मांजर, त्यातही बाहेरचं, कधीही उघड्या हाताने तपासू नका. चावलं तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन सरकारी दवाखान्यात लस घ्यायची, त्याच दिवशी.

औषधं आणि नागपूरचा रस्ता

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका, यावर मी आग्रही आहे. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठं मांजर मारायला पुरते. चेहरा सुजतो, हिरड्या तपकिरी-निळ्या होतात. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, जुलाब थांबवायच्या गोळ्या यांतलं काहीच अंदाजाने द्यायचं नाही. कुत्र्यांच्या मानेवर टाकायचं परमेथ्रिन असलेलं गोचीड-औषध मांजराला लावलं तर झटके येऊन मरतं.

आपल्याकडचे ढोरांचे दवाखाने बैल, गायी, शेळ्या यांच्यासाठी उभे राहिले. तिथल्या डॉक्टरांनी मांजराचंही शिक्षण घेतलेलं असतं, आणि जंत, लस, सलाईन, विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी ही कामं तिथे होऊ शकतात. ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घालून काही तासांतच न्या. फिरत्या पशुचिकित्सा वाहनासाठी मध्य प्रदेशात १९६२ हा क्रमांक आहे. दात काढणं, क्ष-किरण, पोटाची सोनोग्राफी यासाठी मात्र नागपूर गाठावं लागतं. सौंसरहून ते साठ-सत्तर किलोमीटर. १९५८ मध्ये सुरू झालेलं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सवर आहे आणि तिथे शिकाऊ डॉक्टरांसोबत प्राध्यापकही प्राणी तपासतात. पांढुर्ण्याहून रस्ता लांब पडतो, पण नागपूरला थेट रेल्वे आहे.

एप्रिल-मेमध्ये पहाटेच निघा. गाडीच्या तापलेल्या डब्यात मांजर तासाभरात उष्माघाताने जाऊ शकतं. झाकणाची जाळीदार टोपली, आत घरातला वापरलेला कपडा. निघण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: काय खाल्लं, किती वेळा ओकलं, रंग कसा, शेवटची लघवी कधी, वजन किती, जंताचं औषध आणि लस कधी. ओकताना किंवा खाताना मोबाइलवर काढलेला व्हिडिओ फार कामाचा. दवाखान्याच्या टेबलावर मांजर दगडासारखं बसतं आणि डॉक्टरांना घरचं काहीच दिसत नाही.

दात साफ करायचे तर पूर्ण भूल देऊनच. जागेपणी वरवर कीट खरडून देणारा भेटला तर पैसे देऊ नका. दात वरून चकाकतो, हिरडीखालचा कुजका भाग तसाच राहतो. भुलीची भीती वाटते, म्हणून आधी रक्ताची तपासणी आणि दातांचा क्ष-किरण करून घ्या, आणि वयाचं मांजर असेल तर मूत्रपिंडाचे आकडे विचारा.

दाढा काढायच्या म्हटलं की घरातली आजी विचारते, मग ते खाईल कशानं? मांजर दाढांनी दळत नाही, ते फाडतं आणि गिळतं. टाके पडल्यावर दहा-बारा दिवस चिकनचा मऊ लगदा किंवा भिजवून कुस्करलेले दाणे कोमट करून द्या, थंड देऊ नका. कोमट अन्नाचा वास उठतो आणि भूक चाळवते. दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही किंवा जबडा एका बाजूने सुजला, तर डॉक्टरांना फोन करा. टाके बहुतेक आपोआप विरघळणारे असतात, तरी दोन आठवड्यांनी एकदा दाखवून आणा, आणि त्याच फेरीत पुन्हा वजन करून घ्या.